मिठावर गाडी न्यायची म्हणताय? बॉनव्हिलच्या सेफ्टी तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा पुण्याचा. गेली काही वर्षं अमेरिकेतल्या युटामध्ये राहतो आणि ऑगस्ट आला की बॉनव्हिलच्या मिठावर जातो, सरळ रेषेत जास्तीत जास्त वेग गाठायच्या शर्यतीला. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांना हात लावायला गेलो, मग स्वतःची ६५० सीसीची मोटरसायकल घेऊन. तेव्हापासून पुण्या-कोल्हापूरचे बायकर मित्र आणि इथल्या मराठी मंडळातली पोरं तेच ते प्रश्न विचारत असतात. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलं.

ही शर्यत असते कुठे आणि भरवतं कोण?

युटा आणि नेवाडाच्या हद्दीवर वेंडोव्हर नावाचं गाव आहे. त्याच्या शेजारी मैलोन् मैल पांढरं सपाट मीठ पसरलेलं आहे, तेच बॉनव्हिल. उंची समुद्रसपाटीपासून साधारण १,२८६ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळपास. फक्त इथे ना झाड, ना धुकं, ना स्ट्रॉबेरी. हवा समुद्रकाठापेक्षा बाराएक टक्के विरळ, आणि ऑगस्टच्या उन्हात आणखी विरळ. त्यामुळे घरी जे इंजिन ताकदवान वाटत होतं ते इथे धापा टाकतं.

ऑगस्टमधली स्पीड वीक सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन भरवते. ही संस्था १९३७ची आणि पहिली स्पीड वीक १९४९ची. फक्त मोटरसायकलींची अशी वेगळी बॉनव्हिल मोटरसायकल स्पीड ट्रायल्स असते. सप्टेंबरात वर्ल्ड ऑफ स्पीड, त्यानंतर वर्ल्ड फायनल्स. मीठ ओलं राहिलं तर सगळं रद्द होतं. २०१४, २०१५ आणि २०२२ साली स्पीड वीक झालीच नाही. विमानाचं तिकीट काढताना हे ध्यानात असू द्या.

प्रत्येक आयोजकाचं नियमांचं पुस्तक वेगळं आणि ते दरवर्षी थोडं बदलतं. मी इथे सांगतो त्यातून नियमामागचं कारण कळेल. माप, जाडी, आकडा मात्र त्या वर्षीच्या पुस्तकातूनच घ्यायचा. मित्राकडचं तीन वर्षांपूर्वीचं पुस्तक नको.

तपासणी म्हणजे आरटीओचं पासिंग समजायचं का?

अजिबात नाही. आरटीओत इंडिकेटर लागतो का, आरसा आहे का, कागद आहेत का हे बघतात. इथे आरसा आणि इंडिकेटर काढून यायचं असतं. ओळखीचा एजंट इथे नसतो, आणि असता तरी त्याला काही करता आलं नसतं.

तपासणारे बहुतेक पिकल्या केसांचे स्वयंसेवक. यातल्या कित्येकांनी स्वतः वर्षानुवर्षं मिठावर गाड्या पळवलेल्या असतात. तुमची गाडी किती पळते याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. गाडीचा एकेक भाग बघताना त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न चालू असतो: हे निसटलं तर काय होईल? चेन तुटली तर कुठे जाईल, माणूस पडला तर गाडी थांबेल का, तेल सांडलं तर ते मागच्या टायरवर येईल का. घरी तयारी करताना तुम्हीही हाच प्रश्न विचारत बसलात तर पुस्तकातला निम्मा भाग न वाचताच कळतो.

भारतात बनलेली गाडी तिथे चालते का?

चालते, आणि चांगली चालते. २०१८च्या ऑगस्टमध्ये केयला रिव्हास या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलीने तयारी केलेल्या रॉयल एनफील्ड काँटिनेंटल जीटी ६५०वर बॉनव्हिलला ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. म्हणजे ताशी २४० किलोमीटरच्या वर. कंपनीतून आलेली तीच गाडी ताशी १७० किलोमीटरच्या आसपास दमते. अर्थात त्या गाडीवर बरंच काम झालं होतं. मला येणारे निम्मे फोन त्या बातमीनंतर सुरू झाले.

क्लास आधी ठरवायचा की तपासणीनंतर?

आधी. क्लास म्हणजे तुमची गाडी ज्या गटात धावते तो गट, आणि त्यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात. क्लासचं नाव तीन तुकड्यांत असतं: आधी सीसी, मग चॅसिसचं अक्षर, मग इंजिनाचं. उदाहरणार्थ ६५०-एम-जी. यात एम म्हणजे मूळ गाडीत फेरफार केलेली, आणि जी म्हणजे साधं पेट्रोल. चॅसिसच्या जागी पी असेल तर गाडी कंपनीच्या मूळ रूपात हवी. ए असेल तर चॅसिस स्वतः घडवलेली चालते. इंजिनाच्या अक्षरात एफ आलं की अल्कोहोल, नायट्रो वगैरे इंधन चालतं. बी म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जर.

आता यातली गंमत बघा. फेरफाराच्या क्लासमध्ये हेडलाइट काढून टाकाल तर कुणी विचारणार नाही. मूळ रूपाच्या क्लासमध्ये मात्र काही वस्तू जागेवरच ठेवाव्या लागतात आणि काचेवर चिकटपट्टी मारावी लागते. म्हणून आधी क्लास ठरवा, मगच पाना हातात घ्या. पहिल्याच वर्षी आपल्या क्लासचं रेकॉर्ड किती आहे हे बघून लोक क्लास निवडतात. त्यात चूक काही नाही. पण ज्या क्लासमध्ये गाडी कमीत कमी उघडावी लागते तो निवडलात तर तपासणीची रात्र झोपेत जाते.

गाडीवरून काय काय काढायचं?

आरसे, इंडिकेटर, मागच्या सीटचे फूटरेस्ट, नंबरप्लेटचं ब्रॅकेट, साइड स्टँड, मेन स्टँड. जे लोंबतं, जे फुटतं, जे मिठात रुतू शकतं ते सगळं.

यातला साइड स्टँड दिसतो तितका सोपा नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांना स्टँडजवळ एक स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. तुम्ही स्टँडसोबत तो स्विचही काढलात की गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे. गाडी न्यूट्रलला मस्त सुरू होते आणि पहिला गिअर टाकला की फुस्स. हे घरी कळलं तर दहा मिनिटांचं वायरिंगचं काम असतं. मिठावर, ट्रेलरमधून गाडी उतरवल्यावर कळलं तर काय होतं ते मी पाहिलंय. नवराबायको एकमेकांशी बोलत नव्हते.

स्टँड गेला म्हणजे गाडी उभी करायला पॅडॉक स्टँड लागणार. मिठात तो रुतू नये म्हणून खाली प्लायवूडचा तुकडा ठेवा.

सेफ्टी वायर म्हणजे नक्की काय, आणि कुठे कुठे लागते?

साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची स्टेनलेसची तार. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक पाडायचं, तार ओवायची, पीळ द्यायचा आणि दुसरं टोक चॅसिसला किंवा शेजारच्या बोल्टला बांधायचं. बोल्ट सैल व्हायला लागला की तार ताणली जाते आणि त्याला धरून ठेवते.

पहिल्या वर्षी येणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑइलचा ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, ऑइल भरायची टोपी, या तीन ठिकाणी तार हवीच. यातलं काहीही सुटलं तर गरम तेल थेट मागच्या टायरवर येतं. फिल्टर डब्यासारखा असेल तर त्याला भोक पाडता येत नाही. त्याच्याभोवती मोठा होज क्लॅम्प आवळायचा आणि तार त्या क्लॅम्पला बांधायची. पुढच्या-मागच्या ॲक्सल नटना तार किंवा स्प्लिट पिन. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टनाही बांधून टाका.

तार ओढायची दिशा महत्त्वाची. बोल्ट सुटायच्या दिशेने फिरू लागला की तारेने त्याला आवळायच्या दिशेने ओढलं पाहिजे. नवखे लोक नेमकं उलटं बांधतात. तार दिसायला सुंदर असते, पण बोल्ट निवांत सुटू शकतो. तपासणारा माणूस दुरूनच बोट दाखवतो आणि म्हणतो, पुन्हा करून आणा.

दुसरी चूक म्हणजे, तार बांधली की बोल्ट आवळायची गरज नाही असा समज. आधी टॉर्क पान्याने बरोबर आवळा, मग तार. आवळलेलं टिकवून धरणं तारेचं काम नाही. सैल झालेला बोल्ट गळून पडू न देणं इतकंच तिचं काम आहे.

भोक पाडायला स्वस्तातला ड्रिल बिट वापरू नका. बोल्टचं डोकं कडक असतं आणि दीड मिलिमीटरचा बिट काडीसारखा तुटतो. चांगले कोबाल्टचे बिट घ्या. चार जास्तीचे घ्या. बोल्ट व्हाइसमध्ये धरा, थेंब थेंब तेल सोडा, घाई करू नका. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांनी भरलेल्या नाना पेठेत एका गॅरेजवाल्या काकांकडे मी कॉलेजात असताना उमेदवारी करायचो. भोक पाडताना मशीनचा आवाज बदलला की हात थांबव, असं ते सांगायचे. तेवढ्या एका वाक्याने माझे कित्येक बिट वाचलेत. भोक पाडलेले तयार बोल्टही विकत मिळतात. पैसे असतील तर तेच घ्या, रात्र वाचते.

आणि हो, तारेची टोकं आत वळवा. तपासणाऱ्याच्या बोटात टोक घुसलं तर त्याचा मूड तुमच्या बाजूने राहत नाही.

टायर नवीनच हवेत का? माझे तर चांगले आहेत.

चांगले म्हणजे काय? टायरच्या कडेला आकाराच्या शेवटी एक अक्षर असतं, त्यावर सगळं ठरतं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. तुम्ही ज्या वेगाने जाणार त्याहून वरचं अक्षर हवं. "मी इतका जोरात जाणारच नाही" हे ऐकून तिथे कुणी मान डोलावत नाही, कारण मिठावर आलेला प्रत्येकजण जोरातच जायला आलेला असतो.

शेजारीच चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. कडेला बारीक भेगा दिसल्या की टायर बाद.

आता छोट्या वस्तूंकडे या, कारण लोक तिथेच नापास होतात. हवा भरायच्या व्हॉल्व्हला धातूची टोपी लागते, प्लास्टिकची नाही. हसू नका, हिशेब करा. ताशी २४० किलोमीटरला चाक सेकंदाला पस्तीसेक वेळा फिरतं. आसापासून वीस सेंटिमीटरवर जो व्हॉल्व्ह आहे त्याच्यावर बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट असतो. म्हणजे एक ग्रॅमची वस्तू एक किलोसारखी ओढते. व्हॉल्व्हमधली पिन नेमकी बाहेरच्या दिशेलाच दाबली जाते, म्हणजे उघडायला बघते. ती उघडलीच तर हवा अडवायला ती टोपी. प्लास्टिकची टोपी तिथे काय करणार? रबरी देठाचा व्हॉल्व्हही याच जोराने वाकतो, म्हणून धातूचा बसवा.

हाच हिशेब रिमच्या कडेला चिकटवलेल्या बॅलन्सिंगच्या वजनांना लागू. वीस ग्रॅमचं शिसं वीस किलोने ओढतं आणि त्याला धरून ठेवायला असतो फक्त दुहेरी टेपचा डिंक. त्याच्यावरून घट्ट पट्टी मारा.

किल स्विचची दोरी कशाला? हँडलवर स्विच आहेच की.

हँडलवरचा स्विच दाबायला तुम्ही हँडलवर असायला हवं. पडलात तर? गाडी माणसाशिवाय पळत राहते. थ्रॉटल अडकलं असेल तर जोरातच. म्हणून एक दोरी लागते. एक टोक तुमच्या मनगटाला किंवा सूटला, दुसरं गाडीवरच्या स्विचला. तुम्ही गाडीपासून वेगळे झालात की दोरी स्विच ओढते आणि इंजिन बंद. गाडीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असेल तर तोही त्याच क्षणी बंद पडला पाहिजे. फ्युएल इंजेक्शनच्या सगळ्या गाड्यांना असा पंप असतो, त्यामुळे नुसतं इग्निशन तोडून भागत नाही. तपासणीत गाडी चालू करायला लावतात आणि दोरी ओढून दाखवा म्हणतात.

लांबीचं मी स्वतः चुकवलंय. पहिल्या वर्षी दोरी जरा आखूड बांधली. गॅरेजमध्ये सरळ बसून बघितलं तेव्हा सगळं ठीक वाटलं. तपासणीत दोरी ओढली, इंजिन बंद झालं, पास. मग धावेत दुसऱ्या मैलाच्या आसपास वारा चुकवायला टाकीवर आडवा होऊन ढुंगण मागे सरकवलं आणि गाडी गप्प. आधी वाटलं इंजिन गेलं. मिठावर पूर्ण शांतता, फक्त चेनचा आवाज. कडेला थांबल्यावर बघितलं तर दोरी हातात लोंबतेय. ट्रक येऊन गाडी घेऊन गेला आणि अख्खी दुपार रांगेत गेली. तेव्हा सूट, हेल्मेट घालून, पूर्ण आडवे झाल्यावर आणि ब्रेकसाठी एकदम उठून बसल्यावर, दोन्ही वेळा दोरी मोजा. गुंडाळीसारखी ताणणारी दोरी मिळते, ती बरी.

स्टीअरिंग डॅम्पर खरंच लागतो? माझी गाडी कधी डुगडुगली नाही.

डांबरावर नसेल डुगडुगली. मिठावर मागचं चाक सतत थोडं घसरत असतं आणि पृष्ठभागावर बारीक चाकोऱ्या पडलेल्या असतात. पुढचं चाक त्यात शिरलं की हँडलला झटके बसायला लागतात. डॅम्पर हे झटके शोषून घेतो.

डॅम्पर बसवला की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बोटं टाकीत अडकता कामा नयेत. आणि हँडल थांबायला हवं ते चॅसिसवरच्या स्टॉपरला लागून. डॅम्परची दांडी संपल्यामुळे थांबत असेल तर चालणार नाही, कारण असा डॅम्पर पहिल्याच धक्क्याला वाकतो.

चेनचं काय बघतात?

चेन लॉक. क्लिपचं असेल तर क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, आणि क्लिपवरून तार. रिव्हेटचं लॉक असेल तर त्याहून चांगलं. चेनवर मजबूत गार्ड हवा, प्लास्टिकचा शोभेचा नको. तुटलेली चेन चाबकासारखी उलटते आणि वर तुमचा पाय असतो. मागच्या स्प्रॉकेटच्या खालच्या बाजूला, जिथे पाय किंवा बोट चेनसोबत आत खेचलं जाऊ शकतं, तिथेही आडोसा असावा.

पेट्रोल घरूनच भरून नेऊ का?

पेट्रोलच्या क्लासमध्ये रेकॉर्ड करायचं असेल तर इंधन तिथेच, कार्यक्रमाच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावं लागतं आणि टाकीला सील लागतं. तेव्हा टाकी जवळजवळ रिकामी घेऊन या. सील लावायला टोपीला आणि टाकीला तार जाईल अशी जागा करून ठेवा. पेट्रोल बंद करायची तोटी हाताशी हवी, शोधावी लागता कामा नये. पेट्रोलचे पाइप एकही भेग नसलेले, प्रत्येक जोडाला क्लॅम्प. इंजिनच्या ब्रीदरची नळी उघडी सोडू नका, कॅच टँकमध्ये, म्हणजे बाहेर येणारं तेल साठवणाऱ्या डब्यात न्या.

हँडल, लिव्हर, बॅटरी?

लिव्हरच्या टोकाला गोळी हवी, मोडलेलं टोक चालत नाही. हँडलची टोकं बंद. थ्रॉटल सोडलं की ते आपोआप परत आलं पाहिजे, हँडल कुठल्याही बाजूला वळलेलं असलं तरी. बॅटरी पट्टीने घट्ट बांधलेली, टर्मिनल झाकलेली.

टर्बो, नायट्रस लावून येऊ का?

पहिल्या वर्षी नको. नियम वाढतात, तपासणी लांबते, आणि विरळ हवेत साधं इंजिन नीट ट्यून करणंच पुरेसं डोकं खातं.

अंगावर काय घालायचं? माझं हेल्मेट आयएसआय मार्कचं आहे.

पुण्याच्या सिग्नलला ते ठीक. इथे फुलफेस हेल्मेट आणि आत स्नेल किंवा पुस्तकात नाव घेतलेल्या दुसऱ्या मानकाचं स्टिकर लागतं. तपासणारा अस्तर बाजूला करून ते वाचतो. जुन्या वर्षांची मानकं यादीतून गळत जातात, त्यामुळे हेल्मेट विकत घेण्याआधी यादी बघा. मित्राचं मागून आणलेलं, एकदा आपटलेलं हेल्मेट तर नकोच.

सूट चामड्याचा. एकसंध, नाहीतर जॅकेट आणि पँट झिपने एकमेकांना जोडलेली. बूट घोट्याच्या वर, हातमोज्यांनी बाहीचं टोक झाकलेलं. जाळीचं उन्हाळी जॅकेट तिथेच परत पाठवतात.

इथे हमखास कोणीतरी रोली फ्री या अमेरिकन रायडरची आठवण काढतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी याच मिठावर तो व्हिन्सेंट मोटरसायकलवर सपाट आडवा झाला आणि ताशी १५०.३१३ मैलांनी गेला, अंगात फक्त पोहण्याची चड्डी! आधीच्या धावेत वाऱ्याने त्याचे चामड्याचे कपडे फाटले होते, म्हणून त्याने ते काढूनच टाकले. फोटो अप्रतिम आहे. आज तो तसा आला असता तर तपासणीच्या तंबूपर्यंतही पोचला नसता.

कपडे, हेल्मेट, बूट, हातमोजे सगळं गाडीबरोबर तपासणीला न्यायचं. हॉटेलवर विसरलात तर वेंडोव्हरला परत चक्कर.

तपासणीच्या रांगेत प्रत्यक्ष काय होतं?

पहाटे जा. सावली नसते आणि मिठावरून ऊन खालूनही परावर्तित होतं. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावा. नाकपुड्यांच्या आतल्या कडा भाजलेला माणूस मी रोज आरशात बघितलाय.

फेअरिंग (गाडीवरचं बाहेरचं कवच) आणि खालचा पॅन काढून ठेवा. झाकलेलं काही दिसलं की ते उघडायला लावतातच. चालवणारा स्वतः हजर हवा, नुसता मेकॅनिक चालत नाही. गाडी स्वच्छ आणा. ही शिष्टाचाराची गोष्ट नाही, तेलकट इंजिनवर नवी गळती दिसत नाही. फॉर्म आधीच भरलेला, लॉगबुक हातात. तपासणाऱ्याशी वाद घालू नका, पण एखादा नियम कळला नाही तर जरूर विचारा. मी विचारलं की ते म्हातारे बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून समजावतात, आणि मग त्यांच्या जुन्या गाडीची गोष्ट सुरू होते. ऐकून घ्या, त्यात पुढच्या वर्षीच्या दोन युक्त्या असतात.

पिटमध्ये, म्हणजे गाडी ठेवून काम करायच्या जागी, गाडीखाली ताडपत्री आणि जवळ अग्निशामक सिलिंडर लागतो. ही जमीन सरकारी आहे आणि तेलाचा थेंबही मिठावर पडलेला चालत नाही.

नापास झालो तर घरी परत?

नाही हो. काय करायचं ते कागदावर लिहून देतात, दुरुस्त करून पुन्हा रांगेत. पहिल्या वर्षी मला तीन गोष्टी लिहून मिळाल्या: एका ॲक्सल नटला तार नव्हती, एक व्हॉल्व्ह टोपी प्लास्टिकची होती आणि क्लासची अक्षरं एका बाजूला नीट दिसत नव्हती. टोपी शेजारच्या पिटमधल्या आजोबांनी दिली. मिठावर लोक सुटे भाग, हत्यारं, डबासुद्धा देतात. तरी छोटी पेटी बरोबर असू द्या: तार, पीळ द्यायची पक्कड, स्प्लिट पिना, होज क्लॅम्प, धातूच्या टोप्या, रुंद चिकटपट्टी, थोडे जास्तीचे नट-बोल्ट. वेंडोव्हरला कॅसिनो भरपूर आहेत, नाना पेठ नाही.

पास झालो की लगेच पूर्ण जोरात?

नव्यांना आधी ओळखवर्ग असतो, ट्रॅक दाखवतात, बाहेर कुठून पडायचं ते सांगतात. मग परवाना वेगाच्या टप्प्यांनी मिळतो. खालच्या टप्प्यात नीट धाव केली की वरचा. यात चिडण्यासारखं काही नाही. बर्ट मन्रो न्यूझीलंडहून १९२०ची ‘इंडियन’ या अमेरिकन कंपनीची मोटरसायकल घेऊन १९६२ साली पहिल्यांदा इथे आला, आणि त्याची प्रसिद्ध १९६७ची विक्रमी धाव त्यानंतर पाच वर्षांनी झाली. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता.

रेकॉर्ड मोडलं तर पुन्हा तपासणी?

हो. स्पीड वीकला पहिली धाव रेकॉर्डच्या वर गेली की गाडी राखीव आवारात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धाव, आणि दोन्हींची सरासरी धरतात. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या रेकॉर्डला नियम वेगळा: दोन तासांच्या आत उलट दिशेने परत यायचं. नंतर इंजिनची सीसी मोजतात, त्यासाठी इंजिन उघडायची तयारी ठेवा. गॅस्केटचा जास्तीचा सेट न आणता रेकॉर्ड केलेला एक मित्र आनंदात असूनही रडकुंडीला आला होता.

महाराष्ट्रात सराव कुठे करू?

वेगाचा सराव कुठेही करू नका. एक्सप्रेसवेवर दुचाकीला मनाईच आहे, आणि बाकी रस्त्यांवर कुत्री, ट्रॅक्टर आणि उलट्या दिशेने येणारे काका असतात. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तशा ठिकाणी तपासणीची सवय होते, सूट घालून उन्हात रांगेत उभं राहायची सवय होते. पण ड्रॅग म्हणजे काही सेकंदांचा खेळ. इथे मैलोन् मैल थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवायचं असतं, तेल आणि चेन वेगळ्याच तापतात. तारेचं काम मात्र घरच्या ओसरीवर शिकता येतं.

परत आल्यावर गाडीचं काय?

त्याच रात्री धुवा. वेंडोव्हरच्या कारवॉशवर शर्यतवाल्यांची रांग असते, तरी थांबा. आधी साधं पाणी भरपूर, प्रेशर गन नंतर, नाहीतर मीठ बेअरिंगच्या आत ढकललं जातं. घरी पोचल्यावर चाकं काढा, कनेक्टर उघडा, टाकी उचला, पुन्हा धुवा, वाळवा, ग्रीस करा. एवढं करूनही दिवाळीत हेडलाइटचं वायरिंग उघडलं तेव्हा आतून पांढरी पूड सांडली. बायकोने विचारलं, रांगोळी आहे का?